गुडघ्यांचा नवस

३ जून

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, बायकोला, ओब्दुलियाला तर मुळीच नाही. तिला माझ्या प्रत्येक योजनेत खोट काढायची सवय आहे आणि ही योजना लाखमोलाची आहे.

काल चर्चच्या पाद्रेंच्या हॉलमध्ये पुएब्ला शहरातून डॉक्टरांची टीम आली होती. गुडघे फुकटात बदलून देणारे धर्मादाय शिबिर. कधी येतं, कधी वर्षानुवर्षं येत नाही. डॉक्टरने माझा एक्स-रे उजेडात धरला आणि दुसऱ्या दोघांना हाक मारून दाखवला. मला वाटलं, कौतुकाने दाखवतोय. मग म्हणाला की डॉन एपिग्मेनियो, तुमच्या गुडघ्यांत गादी उरलेलीच नाही, हाडावर हाड घासतंय, तुम्ही इथपर्यंत चालत आलात कसे? मी सांगितलं, पायांनी. ओब्दुलियाने कोपर मारलं. सप्टेंबरच्या शिबिरात माझं नाव घातलंय. यादी लहान आहे. ओब्दुलियाने घरी येताना वाटेत मेणबत्ती घेतली आणि चर्चमधल्या आमच्या संताच्या, सान मिगेलच्या मूर्तीपुढे लावली. दिवाळखोर माणसाला नोकरी लागावी तशी खूश होती.

पण माझं मनात पक्कं ठरलंय. चाकू नाही. जन्मभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, ओल्या सिमेंटवर गुडघे टेकून. आमच्या चर्चची अख्खी जमीन मी आणि माझा कोंपाद्रे, म्हणजे मानलेला भाऊ, वेन्सेस, आम्ही दोघांनी केली. त्या वर्षांत गुडघ्यांत थंडी शिरली. एवढंच झालंय. शिरलेली थंडी बाहेर काढायची असते, त्यासाठी माणूस कापायचा नसतो. साधं लॉजिक आहे.

निश्चय: सप्टेंबरपर्यंत फक्त झाडपाला. शिबिराच्या दिवशी डॉक्टरांसमोर उकिडवं बसून दाखवायचं.

५ जून

ॲव्होकाडोच्या बिया किसून अल्कोहोलमध्ये घातल्या. लालभडक झालंय, दिसायलाच गुणकारी आहे. ओब्दुलियाने विचारलं की बिया तू घेतल्यास, आता गर कोण खाणार? मी खाल्ला. दिवसभर पोट बिघडलं. त्यामुळे गुडघ्यांचा रिझल्ट आज नीट पाहता आला नाही.

बिया किसताना बोटांची पेरं सुजली. म्हणजे आता बोटांनाही लावावं लागणार. औषध जास्त करायला हवं.

११ जून

ॲव्होकाडो बंद. तो उष्ण प्रकृतीच्या माणसांसाठी आहे, असं बाजारात कळलं. माझी थंड.

आज सासूबाईंची बाटली काढली. गांजाचा पाला घातलेलं अल्कोहोल. गावात प्रत्येक घरात असते, कपडे धुण्याच्या साबणामागे, आणि पाद्रे आले की सगळ्यांना तिचा विसर पडतो. खसाखसा चोळलं. हे चोळल्यावर सकाळपर्यंत गार पाण्याला हात लावायचा नाही, नाहीतर थंडी दुप्पट आत जाते. हे लहान पोराला ठाऊक असतं. ओब्दुलियाने नेमकी तेव्हाच भांडी घासायला सांगितली. मी वैद्यकीय कारण दिलं. तिने इतकी वर्षं ज्या गार पाण्यात भांडी घासली त्याचं काय, असं विचारलं. बायकांची प्रकृती वेगळी असते, असं मी समजावलं. 

सकाळी जिना उतरताना रडू आलं. उतरताना. चढताना कमी. प्रोग्रेस आहे.

१६ जून

ओर्तिगा. अंगाला लागली की आग होते ती काटेरी पानं. त्यांची जुडी करून गुडघ्यांवर मारायची म्हणजे रक्त धावत येतं आणि थंडीला हाकलून देतं. स्वतःच्या गुडघ्यावर स्वतः मारताना हात आखडतो, म्हणून वेन्सेसला बोलावलं.

वेन्सेस समोरच राहतो. त्याचे गुडघे माझ्याहून वाईट, दोन काठ्यांवर चालतो. उपाय म्हणाल तर एकच करतो, शिव्या देतो. त्याचं नाव शिबिराच्या यादीत बसलं नाही, कारण यादी माझ्या नावावर संपली. त्याबद्दल तो एक शब्द बोललेला नाही. पण आज त्याने जुडी हातात घेतली आणि जे हाणायला सुरुवात केली! मी पुरे म्हणालो तर म्हणाला की अजून थंडी दिसतेय कोंपाद्रे, ही बघ, इथे लपलीय. ओब्दुलिया स्वयंपाकघरात हसत होती.

१७ जून

बसता येत नाही. उभं राहता येत नाही. रक्त धावत येतंय हे नक्की.

२४ जून

आज चर्चमध्ये बसलो असताना एकदम लख्ख प्रकाश पडला. पाल्यात गुण आहे, पण पाल्याला वरून हुकूम लागतो. तो मी मागितलाच नव्हता.

सान मिगेलसमोर उभा राहिलो. हातात तराजू, पायाखाली सैतान. मी नवस बोललो, मोठ्याने, मागच्या बाकावरच्या बायकांनी ऐकला. ऑपरेशनशिवाय गुडघे बरे झाले, तर तुझ्या सणाला, २९ सप्टेंबरला, चर्चच्या अंगणाच्या फाटकापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत येईन.

घरी येऊन ओब्दुलियाला सांगितलं. तिने हातातली तोर्तिया तव्यावर तशीच जळू दिली. म्हणाली की म्हाताऱ्या, गुडघे बरे झाले तर ते गुडघे फरशीवर घासून काढशील, असं कबूल करून आलास? मी म्हटलं, मग काय कोपरांवर जाऊ? नवस ज्या अवयवाचा, त्याच अवयवाने फेडतात, गावात कुणालाही विचार. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली की सान मिगेलला तरी अक्कल असेल, तो तुला बरं करणार नाही.

श्रद्धा कमी. दुसरं काय.

तसंही जमीन माझ्या हातची आहे. डावी बाजू मी बसवली, उजवी वेन्सेसने. त्याची बाजू जरा खाली-वर आहे. मी कधी बोललो नाही. मी डावीकडून जाईन.

१ जुलै

हुकूम सुटला!

मंगळवारच्या बाजारात कोपऱ्यावर एक नवी गाडी, वर कर्णा. हिरव्या कॅप्सूल, खेचर छाप. बाटलीवर खेचर कुंपणावरून उडी मारतंय. शंभर टक्के वनस्पती, विकणारा कर्ण्यातून सांगत होता. सोळा मुळ्या आणि डोंगरातलं एक फूल, ज्याचं नाव सांगता येत नाही कारण परदेशी कंपन्या टपलेल्या आहेत. प्रामाणिक माणूस वाटला. ब्लेझर घातला होता.

तरी मी लगेच भुललो नाही. विचारलं, कुणी घेतलीय का? तर शेजारी डॉन सेल्सो उभा. आमचा बेकरीवाला. मार्चमध्ये हाच माणूस भिंत धरून चालत होता! आज पिठाचं पोतं खांद्यावर. गाल त्याच्याच पावासारखे फुगलेले, गुलाबी. म्हणाला की डॉन एपिग्मेनियो, मला माझं लग्नाचं वय परत मिळालं. फक्त झोप येत नाही, पण बेकरीवाल्याला झोप हवीय कशाला?

बाटली घेतली. ओब्दुलियाला सांगितलं, वाळवलेल्या मुळ्या आहेत.

४ जुलै

मी आज जिना उतरलो. कठडा न धरता. मग परत चढलो आणि परत उतरलो. ओब्दुलिया खाली उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाली की काय झालं रे? मी म्हटलं, सान मिगेल.

खूप आनंद झालाय. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधली. बांधून झाल्यावर तसाच थोडा वेळ वाकून राहिलो.

२० जुलै

तब्येत उत्तम. भूक राक्षसी. सकाळी तामाले, दुपारी पोसोले, मधे ओब्दुलियाचा वाटा. आरशात चेहरा भरलाय, गोल आणि तुकतुकीत. सुरकुत्या गेल्या. मानेमागे जरासा मांसल उंचवटा आलाय, ताकदीचा असणार, बैलाला असतो तसा.

झोप कमी झालीय. पहाटेच्या आधी उठून अंगण झाडतो, कोंबडे माझ्यानंतर उठतात.

ओब्दुलिया म्हणाली की तुझा चेहरा तुझा वाटत नाही. बरोबर आहे. तो आजारी माणसाचा होता.

६ ऑगस्ट

दाराच्या कडीला हात लागला तर केवढा काळानिळा डाग पडला. तसे बरेच आहेत, पायांवर, पोटावर. कातडी पातळ झालीय कांद्याच्या सालीसारखी. कारण उघड आहे: जुनी थंडी त्वचेवाटे बाहेर पडतेय. काळी-निळीच असणार ती, लाल थोडीच असेल.

तहान फार लागते. माठ संपवला.

वेन्सेसवर उगाच ओरडलो. त्याने काठी माझ्या दाराला टेकवली, एवढंच निमित्त. इतका ओरडलो की रस्त्यावर लोक थांबले. वेन्सेस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नंतर ओब्दुलियाला हळूच म्हणाला म्हणे की वहिनी, कोंपाद्रेच्या आत दुसरंच कुणीतरी येऊन बसलंय. अडाणी माणूस.

१९ ऑगस्ट

ओब्दुलियाने हाताला धरून चौकातल्या औषधाच्या दुकानात नेलं. तिथे मागच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण बसते. तिने गुडघ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. चेहरा पाहिला, मान पाहिली, शर्ट वर करून पोटावरचे जांभळे पट्टे पाहिले, बोटातून रक्त काढून साखर पाहिली. मग विचारलं की काय घेता? मी म्हटलं, झाडपाला. ती म्हणाली की झाडपाल्याने असा चेहरा होत नाही आजोबा, त्यात कुणीतरी दुसरं औषध मिसळलंय, जालीम आहे, बाटली घेऊन या.

आणि पुढे काय म्हणाली ते लिहून ठेवतो, विनोदी आहे. म्हणाली की ते घेणं बरं नाही. पण एकदम सोडूही नका, माझ्याकडे या, मी हळूहळू उतरवून देईन. म्हणजे घेऊ नका आणि सोडूही नका! विचारांत काही मेळ? शिकलेली पोर, पण गोंधळलेली. ओब्दुलिया मान डोलवत होती. मी उद्या बाटली आणतो म्हटलं.

आणणार नाही. परदेशी कंपन्या टपलेल्या आहेत, ते उगाच नाही.

२७ ऑगस्ट

आज मी एक मोठं काम केलं. शांतपणे लिहितो.

शिबिरवाल्यांचा निरोप आला: ८ सप्टेंबर, सकाळी उपाशी पोटी या. मी पाद्रेंकडे गेलो आणि सांगितलं की माझं नाव काढा, तिथे वेन्सेसचं घाला. पाद्रेंनी दोनदा विचारलं. म्हणाले की पुढचं शिबिर होईल की नाही सांगता येत नाही. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि उठलो. त्यांनी यादीत नाव बदललं.

वेन्सेसला सांगायला मीच गेलो. म्हटलं, घे कोंपाद्रे, मला त्याची गरज उरली नाही. त्याने शिवी दिली. मग खुर्चीत बसला आणि टोपी तोंडावर धरली. खांदे हलत होते. दुबळा माणूस, चाकूला घाबरला असणार.

ओब्दुलिया रात्री जेवली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली की ती जागा तुझी एकट्याची नव्हती, म्हाताऱ्या. तुला उचलून बसवणारी मी आहे.

मी तिला सांगितलं, आता कुणी कुणाला उचलायचं नाहीये.

१० सप्टेंबर

वेन्सेसचं झालं. बघून आलो. पाय फुगलेला, टाके, नळ्या. कण्हत होता. मला त्याची कीव आली. घरी परत येताना चालण्याचा वेग मुद्दाम वाढवला.

१३ सप्टेंबर

खेचरवाली गाडी दोन मंगळवार आलेली नाही. कोपऱ्यावर आता तिथे प्लास्टिकच्या बादल्या विकतात. बादलीवाल्या बाईला विचारलं. तिने खांदे उडवले. म्हणाली की सकाळपासून तुझ्यासारखे बरेच गोल चेहरे येऊन विचारून गेले.

माझ्याकडे साठा आहे. मी आधीच घेऊन ठेवलाय, माठामागे. दूरदृष्टी.

सेल्सोकडे नव्हता. बेकरी बंद दिसली. त्याची बायको म्हणाली की अंथरुणाला खिळलाय, उलट्या होतायत, डोळे उघडत नाही. बाजारातले तामाले शिळे असतील. पावसाळ्यात मी तिथले खातच नाही.

१७ सप्टेंबर

पहाटे घंटा वाजली. एकेक टोला, मधे मोठं अंतर. सगळ्या गावाने ऐकली आणि सगळ्यांना कळलं.

सेल्सो गेला. जागरणाला गेलो होतो. शवपेटीभोवती चार मेणबत्त्या, बाहेर अंगणात लोक कॉफी पीत होते. चेहरा अजून तसाच गोल होता. मेलेल्या माणसाचा चेहरा ओढलेला असतो, त्याचा नव्हता. त्याच्या बायकोने मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. ती माझ्या गालांकडे बघत होती.

मी लवकर निघालो. हृदयाचं दुखणं त्याच्या घराण्यात असेल. त्याचे वडीलही असेच गेले, की काका. कुणीतरी गेलं होतं.

२० सप्टेंबर

चर्चमध्ये बसलो. सान मिगेलच्या पायाखालच्या सैतानाचा चेहरा मी आजवर नीट पाहिलाच नव्हता. गोल आहे. गाल वर आलेले, डोळे बारीक झालेले. मान आखूड, मागे मांस. ओळखीचा वाटला. मला भीती वाटली. उठून बाहेर आलो आणि बराच वेळ अंगणात उभा राहिलो.

तिथे उभं असताना उलगडा झाला. भीती का वाटली? कारण मी लबाडी करतोय. नवस सान मिगेलला बोललो आणि रोज सकाळी खेचराला शरण जातो. बरं केलं कुणी? सान मिगेलने. मग कॅप्सूल चालू ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. नवस फेडताना पोटात खेचर असेल तर ती फेड मानली जाईल का? त्याच्या हातात तराजू उगाच नाही.

घरी आलो आणि सगळ्या बाटल्या संडासात ओतल्या. एकही ठेवली नाही. ओब्दुलियाला मुद्दाम बोलावून रिकाम्या बाटल्या दाखवल्या. तिने मला मिठी मारली. म्हणाली की डॉक्टरीणबाईंना सांगून येऊ या. मी म्हटलं, सण झाल्यावर. आता काय सांगायचं राहिलंय?

खूप दिवसांनी ती माझ्याशेजारी बसून जेवली.

२३ सप्टेंबर

अंगात जीव नाही. पण स्वच्छ वाटतंय. पोटात ढवळतं, ते विष बाहेर पडतंय. जेवण नको वाटतं: उपास समजायचा. नवसाआधी उपास करतातच. सगळं आपोआप जुळून येतंय.

गुडघे किंचित बोलतायत. निरोप घेत असतील.

२६ सप्टेंबर

खुर्चीतून उठलो की अंगण फिरतं. ओब्दुलिया डॉक्टरिणीकडे जाऊन आली तर दुकानाला कुलूप, डॉक्टरीण सणासाठी गावी गेलीय. ओब्दुलिया म्हणाली की पुएब्लाला जाऊ, आत्ता जाऊ. मी म्हटलं, तीन दिवसांवर सण आहे आणि मी शहरात जाऊन पडू? लोक काय म्हणतील? त्या बाकावरच्या बायका?

ओब्दुलिया म्हणाली की सान मिगेलला मी सांगते, तो समजून घेईल. मी म्हटलं, तो समजून घेईल, बायका घेणार नाहीत.

गुडघे दुखत नाहीयेत. म्हणजे दुखतायत, पण ते पूर्वीचं दुखणं नाही. पूर्वीचं याच्यापेक्षा कमी होतं.

२९ सप्टेंबर, सकाळ

फटाके सुरू झाले. बँड आलाय. इस्त्रीचा पांढरा शर्ट. बटणं ओब्दुलियाने लावली, बोटं वळत नाहीत. हात गार पडलेत. बाहेर ऊन आहे आणि मी थरथरतोय. उत्साह.

ओब्दुलियाने घोंगड्या घेतल्यात. नवस फेडणाऱ्यापुढे घरचे लोक घोंगड्या अंथरत जातात. मी नको म्हटलं. माझ्या हातच्या फरशीवर घोंगडी? ती जमीन आरशासारखी आहे.

निघतो. रात्री सविस्तर लिहीन.

५ ऑक्टोबर, हॉस्पिटल, पुएब्ला

आज पेन धरता आलं.

अंगण पार केलं, ते आठवतंय. दोन्ही बाजूंना लोक, बँड थांबला. अंगणातले दगड बोचत होते. ओब्दुलिया माझ्यापुढे घोंगडी सरकवत होती, मी बाजूला करत होतो. दारात वेन्सेस उभा होता, काठीवर, नव्या गुडघ्यावर. म्हणाला की कोंपाद्रे, पुरे झालं, ऊठ. मी त्याच्याकडे न बघता आत गेलो. डावीकडून.

फरशीवर आल्यावर कळलं. जमीन आरशासारखी नाही. उभ्याने चालताना कळत नाही, गुडघ्यांना कळतं. डावीकडे मधोमध खळगा आहे, फरशा आत बसल्यात, कडा वर आल्यात. माझी बाजू. पुसणारी बाई पाणी फार ओतते, असं मला वाटलं. मग दुसरं काही वाटलं नाही. वेदी लांब जायला लागली. सान मिगेल लहान झाला. कुणीतरी घंटा वाजवत होतं, एकेक टोला, मधे मोठं अंतर, आणि मला वाटलं, ही माझी.

ओब्दुलिया सांगते की मी तोंडावर पडलो. वेन्सेसने काठी फेकली आणि मला उचलायला तो खाली बसला. त्याला अजून खाली बसायची परवानगी नाही.

इथले डॉक्टर म्हणतात की त्या कॅप्सूलमध्ये मुळ्या असतील-नसतील, पण सुजेवरचं कडक औषध नक्की होतं. तसलंच काहीसं शरीर स्वतःही आत बनवतं; जवळजवळ तीन महिने बाहेरून फुकट मिळालं म्हणून त्याने ते बनवणं सोडून दिलं. मग मी बाहेरचंही एका दिवसात बंद केलं. जगायला काही उरलंच नाही. हळूहळू उतरवायला हवं होतं, म्हणाले, कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?

मी नाही म्हटलं. ओब्दुलिया खिडकीतून बाहेर बघत होती.

सेल्सोबद्दल विचारायचं होतं. विचारलं नाही.

८ ऑक्टोबर

चेहरा उतरतोय. गुडघे जूनमध्ये होते त्याच्याही पलीकडे गेलेत. पुढच्या शिबिराचं विचारलं, तर म्हणे ती संस्था आता दुसऱ्या राज्यात जाणार आहे.

शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणतो की मधमाश्या चाववून घ्यायच्या, त्याच्या गावात सगळे नाचायला लागले. नर्सने ऐकलं. तिने आमच्या मधला पडदा ओढला.

निश्चय: डॉक्टर देतील तेच. दुसरं काही नाही. मधमाश्यांचं नुसतं ऐकून ठेवायला हरकत नाही.

१३ ऑक्टोबर, घरी

परवा घरी आणलं. खुर्चीत असतो. खुर्चीतून पलंगावर ओब्दुलिया नेते.

काल रविवार. सकाळी ती म्हणाली की चर्चमध्ये जाऊन येते, उशीर होईल, अतोलेची पेज झाकून ठेवलीय. मी म्हटलं, एवढा उशीर कशाला?  जुना स्कर्ट घालून गेली.

ऊन उतरल्यावर आली. वेन्सेसने तिचा दंड धरला होता. तो एका काठीवर सरळ चालत होता आणि ती वाकून. माझ्याकडे न बघता समोरच्या खुर्चीत बसली. वेन्सेस टोपी फिरवत उभा होता, मग त्यानेच सांगितलं. म्हणाला की कोंपाद्रे, तू फरशीवर पडला होतास आणि तुझा श्वास लागत नव्हता, तेव्हा वहिनी तिथल्या तिथे नवस बोलल्या: म्हातारा वाचला तर जिथे पडलाय तिथून पुढचं अंतर मी पुरं करीन. आज तिथूनच निघाल्या, वेदीपर्यंत गेल्या. मी घोंगडी देत होतो, त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, त्याने घेतली नव्हती.

मी म्हटलं की कुठल्या बाजूने गेली? वेन्सेस म्हणाला की डावीकडूनच. तू जिथे पडलास तिथूनच जायचं होतं ना.

ओब्दुलियाने स्कर्ट जरा वर घेतला. गुडघे सोलवटलेले आणि सुजलेले होते, आणि सूज एका दिवसाची नव्हती. वाट्या वाकड्या झालेल्या. किती वर्षं असे आहेत, मला माहीत नाही. मी कधी पाहिले नव्हते. ती म्हणाली की म्हाताऱ्या, तुझ्या त्या बाटल्यांपैकी काही उरलंय का रे, लावायला?

जूनमध्ये विचारलं असतं तर दहा उपाय सांगितले असते. काल एकही सुचला नाही. मला लाज वाटली आणि तिच्यावर माया आली. निदान पाणी गरम करून देऊ, शेक द्यायला, म्हणून खुर्चीचे हात धरून उठायला गेलो. उठता आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. ओब्दुलिया राहू दे म्हणाली.

मग वेन्सेस उठला, सहज उठला, आणि त्याने पाणी ठेवलं.